पामिटिक-स्टिअरिकचा हिशेब: थोडी पार्श्वभूमी

जुन्या चित्रातलं तेल कुठलं, हे त्यातल्या पामिटिक आणि स्टिअरिक या दोन मेदाम्लांच्या प्रमाणावरून ओळखतात, आणि त्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा हा वाद आहे. जुन्या चित्रात रंग कुठला वापरलाय हे बऱ्याचदा आधीपासून सांगता यायचं, खनिज रंग असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतो. पंचाईत व्हायची ती रंग कशात कालवलाय याची, तेल, अंडं, सरस की डिंक. पूर्वी रंगाच्या कणावर डाय टाकून बघायचे, डाग धरला की प्रोटीन आहे म्हणायचे, पण अंडं की सरस ते कळायचं नाही. १९५२ मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करायची पद्धत) आली, ६०च्या दशकात ती चित्रांवर वापरायला लागले, पुढे मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणारं यंत्र) जोडला गेला आणि टाचणीच्या टोकाएवढा नमुना पुरायला लागला.

आता वादाचा मुद्दा. तेल सुकताना त्यातली असंपृक्त आम्लं ऑक्सिजन घेतात, काही तुटतात, त्यातून अ‍ॅझेलेइक आम्ल तयार होतं, पण पामिटिक आणि स्टिअरिक ही संपृक्त आम्लं या भानगडीत पडत नाहीत. म्हणून १९६६ च्या सुमारास असं पुढे आलं की या दोघांचं गुणोत्तर (पामिटिक भागिले स्टिअरिक) काढायचं आणि त्यावरून तेल ओळखायचं, जवस असेल तर २ च्या आसपास किंवा खाली, अक्रोड ३ च्या आसपास, खसखस त्याहून वर. एका आकड्यात उत्तर मिळतंय म्हटल्यावर सगळ्यांनी उचललं, माझ्या मते जरा जास्तच उचललं.

कारण पामिटिक आम्ल हळूहळू उडून जातं आणि स्टिअरिकपेक्षा लवकर उडतं. काचेमागे फ्रेम केलेल्या जुन्या तैलचित्राची काच काढून आतल्या बाजूने बघा, कधीकधी धुरकट थर दिसतो, त्यात चित्राचीच आकृती उमटलेली असते, आणि तो थर मुख्यतः पामिटिकचा. म्हणजे अक्रोडाचं तेल शतकांनी जवसासारखं दिसू शकतं. कॅनव्हासला मागून अस्तर लावताना गरम इस्त्री फिरवली असेल तर अजून गोंधळ. अंड्याच्या बलकाचं गुणोत्तरही अक्रोडाच्या जवळपास येतं, त्यामुळे जवस आणि अंडं मिसळलेलं असेल तर आकडा मधेच कुठेतरी लटकतो. शिसं किंवा जस्त असलेला रंग असेल तर आम्लांचे मेटल सोप (धातू आणि आम्ल मिळून होणारी साबणासारखी संयुगं) होतात, ते थरातून सरकतात, मग नमुना कुठून घेतला यावर उत्तर बदलतं. हे सगळं ९०च्या दशकानंतर नीट पुढे आलं, तोवर कितीतरी चित्रांच्या नोंदीत तेलाचं नाव छातीठोकपणे लिहून झालं होतं.

आता अंडं की तेल हे बघायला अ‍ॅझेलेइकचं प्रमाणही धरतात, ते बरंच भरवशाचं आहे. २००८ मध्ये अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधल्या सातव्या शतकाच्या सुमारच्या भित्तिचित्रांत सुकणारं तेल असल्याचं जाहीर झालं, तेव्हा तैलरंगाचा इतिहासच मागे सरकला. २००० नंतर प्रोटिओमिक्स (प्रोटीनचे तुकडे तपासून ते कुणाचं हे ओळखायची पद्धत) आलं, सरस गायीचा की मेंढीचा इथपर्यंत सांगता येतं. पण ते प्रोटीनपुरतंच. रंगात कालवलेल्या तेलात प्रोटीन जवळपास नसतंच, त्यामुळे तेलाचा प्रश्न आला की रिपोर्टमध्ये अजूनही तेच जुनं गुणोत्तर येतं, फक्त आता पुढे ‘बहुधा’ लावतात.