बडोद्याचं काळं तेल: जड इंधन तेलाच्या धोक्यांची पार्श्वभूमी

11 नोव्हेंबर 2024 च्या दुपारी कोयली रिफायनरीत बेंझिनच्या टाकीचा स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. त्यानंतर काही दिवस बडोद्यात घरोघरी टाक्यांचीच चर्चा होती. बेंझिन, पेट्रोल, गॅस या हलक्या आणि भडकणाऱ्या मालाची भीती सगळ्यांनाच कळते. पण कच्चं तेल तापवून हलका माल काढून घेतल्यावर तळाला उरणारं काळं, घट्ट तेल कित्येक वर्षं मकरपुरा-नंदेसरीकडच्या भट्ट्यांत आणि बॉयलरांत जळत आलं, त्याला कुणी फारसं घाबरत नाही. त्यात जळती काडी टाकली तरी ती विझते, असं जुने फायरमन नव्या पोरांना सांगतात. थंड तेलाच्या बाबतीत ते खरंही आहे. मात्र हे तेल थंड अवस्थेत कुणी वापरतच नाही. अपघातांची बरीचशी मुळं मला या एका गोष्टीत दिसतात, आणि ती कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात कच्च्या तेलातून लोकांना हवं होतं ते दिव्यासाठी रॉकेल. उरलेला काळा गाळ म्हणजे ब्याद. कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूत तो इतका साचे, की त्याचं करायचं काय हाच प्रश्न होता. 1880 च्या सुमारास व्लादिमीर शुखॉव्ह या रशियन अभियंत्याने वाफेच्या झोताने हे तेल बारीक फवारून जाळणारा बर्नर तयार केला आणि गाळाचं इंधन झालं. आधी आगगाड्या आणि नदीतल्या बोटी, मग पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश आरमार, मग जगभरची मालवाहू जहाजं आणि कारखाने त्यावर चालू लागले. फवारणीसाठी तेल पातळ हवं, पातळ करायचं तर तापवायला हवं. म्हणजे तापवणं हा या इंधनाच्या वापराचा पहिल्या दिवसापासूनचा भाग आहे.

कायदा मात्र दिव्याच्या तेलासाठी जन्माला आला. भेसळीच्या रॉकेलने दिवे फुटून माणसं भाजत, म्हणून तेलाची वाफ किती तापमानाला पेट घेते हे मोजायची गरज पडली. फ्रेडरिक एबल यांनी त्यासाठी बंद कपाची चाचणी बसवली आणि 1879 च्या ब्रिटिश कायद्याने 73 अंश फॅरनहाइट ही मर्यादा घातली. सेल्सिअसमध्ये ती जवळपास 23 येते. आपल्याकडे 1899 चा आणि पुढे 1934 चा पेट्रोलियम कायदा आला. आज त्यानुसार 23 अंशांखाली फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेण्याचं तापमान, असलेला माल ‘अ’ वर्गात, 23 ते 65 मधला ‘ब’ मध्ये आणि 65 ते 93 मधला ‘क’ मध्ये मोडतो. पेट्रोल ‘अ’, रॉकेल-डिझेल ‘ब’, आणि फ्लॅश पॉइंट किमान 66 अंश ठेवलेलं फर्नेस ऑइल, म्हणजे भट्ट्यांत जळणारं आपलं काळं तेल, ‘क’. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपूरला आहे.

या वर्गवारीत चूक काही नाही. उन्हात उभ्या असलेल्या टँकरमधल्या पेट्रोलपेक्षा फर्नेस ऑइल खरोखरच कमी धोक्याचं. गडबड होते ती ‘क’ हे अक्षर वाचून माणूस निर्धास्त होतो तेव्हा. कायद्याने तेल ज्या तापमानाला पेटतं तो आकडा नोंदवला. आपण ते कुठल्या तापमानाला साठवतो हा प्रश्न कारखान्याच्या शिस्तीवर सोडला गेला. टाकीवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी रंगवलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

आता बडोद्याकडे वळू. 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला आणि 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल सापडलं. सोव्हिएत मदतीने कोयलीला रिफायनरी बांधायची ठरली. मे 1963 मध्ये पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, 1965 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ऑक्टोबर 1966 मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ती देशाला अर्पण केली. सयाजीरावांच्या काळी 1890 मध्ये निघालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेने या गावाला यंत्र हाताळणारी माणसं देण्याची परंपरा घालून दिली होती. गजर, अमीन आणि कोटिभास्कर यांनी 1907 मध्ये सुरू केलेली अलेंबिक ही औषध कंपनीही इथलीच. कोळशाच्या खाणी इथून फार लांब. रिफायनरी दाराशी आल्यावर कारखानदार काळ्या तेलाकडे वळले यात नवल नाही. खंभातच्या आखाताकाठचं धुवारणचं वीजकेंद्रही तेलावर चालत असे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरांतून किती जणांनी पाळीवर जाऊन हे तेल हाताळलं याची गणती कुणी ठेवलेली नाही, पण अशी घरं प्रत्येकाच्या माहितीतली असतात.

अंकलेश्वरचं कच्चं तेल मेणयुक्त आणि कमी गंधकाचं. त्याच्या तळाला उरणाऱ्या मालाला ‘एलएसएचएस’ (लो सल्फर हेवी स्टॉक, म्हणजे कमी गंधकाचा जड माल) हे नाव पडलं. बडोद्याच्या बॉयलरखान्यात ‘एफओ’ (फर्नेस ऑइल) आणि ‘एलएसएचएस’ हे दोन शब्द पाणी-साखरेइतके नेहमीचे, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. फर्नेस ऑइल साधारण 20 अंशांपर्यंत वाहतं. एलएसएचएस 72 अंशांपर्यंत गोठलेलं असू शकतं. म्हणजे मे महिन्याच्या भर उन्हातही ते आपणहून वाहणार नाही. टँकर, पाइप, टाकी, पंप या सगळ्यांना वाफेची कॉइल किंवा विजेचा हीटर हवाच. ते 80-90 अंशांवर ठेवावं लागतं आणि तिथून पाण्याचा उत्कलनबिंदू हाताच्या अंतरावर राहतो.

या तेलात पाणी असतंच. फर्नेस ऑइल आणि एलएसएचएस दोन्हींत एक टक्क्यापर्यंत पाणी चालतं. शंभर किलोलीटरच्या टाकीत एक टक्का म्हणजे हजार लीटर. ते हळूहळू तळाला बसतं. शिवाय कॉइल गळली की वाफेचं पाणी, झाकण सैल असलं की पावसाचं पाणी. तापलेल्या कढईत पाण्याचा थेंब पडला की काय होतं हे प्रत्येक घरात माहीत आहे. टाकीत थेंबाच्या जागी बादल्याच्या बादल्या असतात. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 ते 1,700 पट जागा मागते. म्हणून रिकाम्या, ओलसर टाकीत किंवा नुकत्याच धुतलेल्या टँकरमध्ये शंभरावर तापलेलं तेल सोडलं, तर ते फेसाळून मॅनहोलमधून उसळतं. झाकणापाशी उभा असलेल्या माणसाच्या अंगावर ते येतं. तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह रोज थोडा उघडून पाणी काढण्याचं कंटाळवाणं काम कुणी टाळत असेल, तर त्याला हे ऐकवावं.

वाफेच्या कॉइलचाही एक नियम आहे. कॉइल कायम तेलात बुडालेली हवी. तेलाची पातळी खाली जाऊन तापलेली कॉइल उघडी पडली, की तिच्यावर चिकटलेला तेलाचा थर भाजून कोळशासारखा होतो आणि वरच्या पोकळीत हलक्या वाफा सुटतात. द्रवाच्या फ्लॅश पॉइंटवरून पोकळीतली वाफ पेटेल की नाही हे नक्की सांगता येत नाही, हे इथे लक्षात घ्यावं. प्रयोगशाळेत 66 अंशांना उत्तीर्ण झालेल्या तेलाच्या टाकीतही, बराच वेळ तापत राहिल्यावर, झाकणाखाली पेटू शकणारं मिश्रण साचू शकतं. त्यात कुणी विडी ओढत डिप रॉड (पातळी मोजायची सळी) टाकायला वर चढला तर कागदावरचा ‘क’ वर्ग त्याला वाचवत नाही.

याचा जगातला सर्वात भयंकर धडा 19 डिसेंबर 1982 चा आहे. व्हेनेझुएलात कॅराकसजवळ टाकोआच्या वीजकेंद्रात जड इंधन तेलाची मोठी टाकी होती. पहाटे दोन कामगार पातळी मोजायला वर गेले आणि स्फोट होऊन छप्पर उडालं. तेल तापवून त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या आसपास किंवा वर नेलेलं होतं. पुढे सहाएक तास टाकी नुसती जळत राहिली. जड तेलाचीच आग, जळून संपेल, असं वाटून अग्निशमनाचे जवान, पत्रकार आणि बघे जवळ जमले. आतमध्ये मात्र जळणाऱ्या तेलाचा तापलेला थर वरून खाली सरकत होता. तो तळाच्या पाण्यापर्यंत पोचला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि सगळी टाकी पेटत्या तेलासह बाहेर उसळली. दीडशेहून अधिक माणसं मेली, त्यांत चाळीसच्या आसपास अग्निशमन दलाचे. ‘बॉइलओव्हर’ हा शब्द त्यानंतर अग्निशामकांच्या प्रशिक्षणात ठाण मांडून बसला. पेट्रोलच्या टाकीत असं होत नाही. कच्च्या आणि जड तेलात होतं. ज्याला आपण मवाळ समजतो त्याचा हा स्वतःचा, वेगळा धोका आहे.

दुसरा धोका दिसत नाही. जड तेलात गंधक असतं. भारतीय मानकानुसार फर्नेस ऑइलमध्ये श्रेणीप्रमाणे साडेतीन ते साडेचार टक्क्यांपर्यंत चालतं. तापवल्यावर त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि टाकीच्या पोकळीत साचतो. त्याचा कुजक्या अंड्याचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, म्हणून लोकांना वाटतं, वास आला की बाजूला होऊ. पण हवेत दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास हा वायू गेला, की नाकच बधिर होतं. वास गेला याचा अर्थ वायू गेला असा घेणारा माणूस तिथेच फसतो. पाचशे-सातशेच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध हरपते. त्याला काढायला धावलेला दुसराही पडतो, मग तिसरा. टाक्या आणि गटारांतल्या अपघातांच्या बातम्यांत एकामागोमाग एक गेलेल्या माणसांची नावं येतात ती यामुळे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 36 व्या कलमाने अशा बंद जागेत उतरण्यापूर्वीची तपासणी, पट्टा, दोर आणि बाहेर उभा राहणारा माणूस बंधनकारक केला. आतला हातदिवा 24 व्होल्टच्या वर नको, हेही त्याच कायद्यात आलं. टाकी साफ करायला रोजंदारीवर आणलेल्या माणसाला हे नियम कुणी समजावून सांगत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

त्वचेचा धोका हळू चालणारा. या तेलात बहुवलयी हायड्रोकार्बनं असतात, आणि 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जड इंधन तेलाला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. तेलकट चिंधी खिशात ठेवणं, डिझेलने हात धुणं, भिजलेला बॉयलर सूट दिवसभर अंगावर वागवणं, या सवयी मोडायला हव्यात. बॉयलर बंद करून नळ्या खरवडणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. तेलातलं व्हॅनेडियम (एक धातू) राखेत उतरतं; ती राख नाकातोंडात गेली की खोकला, छातीत घरघर आणि कधी कधी जीभ हिरवट पडते. डॉक्टरांनी ही लक्षणं 1940-50 च्या दशकांतच नोंदवली आहेत, तरी साध्या रुमालाने तोंड बांधून राख काढणारे लोक अजून दिसतात.

गरम तेल अंगावर पडलं तर ते चिकटून बसतं आणि भाजत राहतं. लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरावं. चिकटलेला थर ओढून काढू नये, रॉकेल-पेट्रोलने पुसू नये, कातडी सोबत येते. पोटात गेलं तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात शिरलं तर जास्त घात होतो. बर्नरच्या दाबाच्या पाइपला बारीक भोक पडून तेलाची चिरकांडी हातात घुसली, तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच तासात शल्यचिकित्सकाकडे जावं. आत पसरलेलं तेल बोट घालवू शकतं.

गळतीचं म्हणाल, तर सेकंदाला एक थेंब या हिशेबानेही वर्षाला हजारावर लीटर तेल जातं. पैशाचं नुकसान सगळे मोजतात. पण ते थेंब पाइपच्या लॅगिंगमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या वेष्टनात, मुरत जातात आणि तेलाने भिजलेलं गरम लॅगिंग ठिणगीशिवायही आतून धुमसत पेट घेऊ शकतं. लॅगिंग काळं पडलेलं दिसलं की ते उतरवून बदलणं हाच उपाय.

गेल्या काही दशकांत हे तेल मागे हटलं आहे. कोयलीत 1993 मध्ये देशातलं पहिलं हायड्रोक्रॅकर आलं, 2011 च्या सुमारास कोकर युनिट आलं, आणि तळाचा माल फोडून हलकं इंधन काढता येऊ लागलं. गुजरातच्या कारखान्यांत नैसर्गिक वायूच्या नळ्या पोचल्या. धुवारणही वायूवर गेलं. दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात फर्नेस ऑइलवर बंदी घातली. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली.

तेल मागे हटलं तरी जुन्या टाक्या जागेवर आहेत आणि त्यांत आता दुसरं काही भरलं जाऊ लागलं आहे. जुने टायर हवेशिवाय तापवून मिळणारं तेल स्वस्त म्हणून भट्टीवाले घेतात. दिसायला तेही काळंच. पण त्याचा फ्लॅश पॉइंट बऱ्याचदा 23 ते 40 च्या दरम्यान, कधी त्याहूनही खाली असतो. म्हणजे ते ‘ब’ किंवा ‘अ’ वर्गातलं निघू शकतं, आणि ते पडतं 70 अंशांवर तापवलेल्या, फर्नेस ऑइलसाठी बांधलेल्या टाकीत. हीटर चालू, व्हेंटला (टाकीतली वाफ बाहेर जाण्याच्या तोंडाला) जाळी नाही, शेजारी वेल्डिंग सुरू. अशा टाकीचा मालक किंवा सुपरवायझर असाल तर प्रत्येक टँकरबरोबर फ्लॅश पॉइंटचा दाखला मागा, उतरवण्याआधी नमुना काढून बाटलीवर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा, आणि आकडा जुळेपर्यंत व्हॉल्व्ह उघडू देऊ नका.