वाफसा साधणारी राणी : मुंगीचं पहिलं बीळ आणि मातीची ओल

मृगाचा दमदार पाऊस पडून गेला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेतकरी रानात जाऊन मूठभर माती उचलतो. मूठ दाबली की गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचलं की तो फुटायला हवा. लिबलिबीत राहिला तर अजून वाफसा नाही, मुठीतच भुगा झाला तर ओल खाली पोचलेली नाही. याच दिवसांत बांधावर आणि अंगणात पंख गळालेल्या, जाड पोटाच्या मुंग्या एकेकट्या फिरताना दिसतात. त्या राण्या. नव्या वसाहतीचं पहिलं बीळ खणायला त्यांनाही वाफसाच लागतो.

‘मुंगीला पंख फुटले’ म्हणजे मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. निरीक्षण खोटं नाही. नर विणीच्या उड्डाणानंतर फार जगत नाहीत आणि राण्यांपैकीही बहुतेक मरतात. ज्या थोड्या तगतात त्यांच्या बाबतीत माती किती ठरवते, हे कळायला मात्र अभ्यासकांना दोनशे वर्षं लागली.

सुरुवातीचा प्रश्न मातीचा नव्हताच. पंखवाल्या मुंग्या आणि बिनपंखी राण्या एकच की वेगळ्या, हाच वाद होता. जिनिव्हाचे प्येर ह्यूबेर यांनी १८१० मध्ये एक साधा प्रयोग नोंदवला. टेबलावर मातीचा पातळ थर पसरून त्यांनी वीण झालेली पंखवाली राणी त्यावर सोडली आणि वरून काचेची घंटा झाकली. माती जाणवताच तिने पंख ताणले, डोक्यापुढे आणले, आडवेतिडवे फिरवले आणि चारही पंख एकदमच गळून पडले. मग जरा विसावून तिने पायांनी अंग साफ केलं आणि आडोसा शोधत फिरू लागली. शेवटी सुट्या मातीखालच्या एका पोकळीत ती शिरून बसली. पंख राणी स्वतःच टाकते, याचा पुरावा म्हणून ही नोंद गाजली. आज ती वाचताना लक्ष जातं ते मातीकडे, कारण सगळी हालचाल सुरू झाली ती माती जाणवल्यावर.

आपल्याकडची जुनी नोंद पुण्याची आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये इथल्या एका मुंगीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिला आज फेइडोले प्रोव्हिडेन्स म्हणतात. पावसात भिजलेलं गवताचं बी या मुंग्या बिळातून वर आणून उन्हात वाळत घालतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मुंग्या धान्य साठवतात यावर तेव्हा युरोपात अनेकांचा विश्वास नव्हता. राणीबद्दल या नोंदीत काही नाही, पण बिळातली ओल ही मुंग्यांची रोजची चिंता आहे हे पुण्याच्या मातीवर लिहून ठेवलं गेलं. पुढे वनाधिकारी राउटन यांनी मुंबई इलाख्यातल्या मुंग्या गोळा करून स्विस शास्त्रज्ञ ओग्यूस्त फोरेल यांच्याकडे पाठवल्या आणि १८९२ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ही माहिती येऊ लागली.

एकटी राणी, कामकरी मुंग्यांच्या मदतीशिवाय, पिल्लं वाढवू शकते का? इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी १८७६ मध्ये मिर्मिका जातीच्या राण्या नरांसोबत वेगळ्या ठेवल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडे कामकरी मुंग्या तयार झाल्या. मग ती खाते काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शार्ल जाने यांनी दाखवलं, की पंख गळाल्यावर उडण्याचे स्नायू आतल्या आत विरघळतात आणि तोच राणीचा शिधा होतो, जोडीला पोटातली चरबी.

इथून माती खऱ्या अर्थाने हिशेबात येते. बीळ बुजवून बसणाऱ्या राणीला बाहेरून एक कणही मिळत नाही. खणण्यात गेलेली ताकद आणि अंगातून उडालेलं पाणी हे दोन्ही पहिल्या पिल्लांच्या वाट्यातून वजा होतं. दगडासारख्या मातीत दुप्पट वेळ खणावं लागलं तर ती थकते, जबड्यांचे दात झिजतात आणि तितका वेळ उघड्यावर पक्ष्यांच्या, कोळ्यांच्या आणि इतर मुंग्यांच्या तावडीत राहते.

ओल्या मातीचं काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या ताणाने कण एकमेकांना धरून राहतात. राणी जबड्याने माती कुरतडते, पुढच्या पायांनी आणि डोक्याच्या खालच्या बाजूने दाबून तिची गोळी करते, ती उचलून मागे मागे सरकत वर येते आणि तोंडापासून थोड्या अंतरावर टाकते. कोरड्या वाळूत अशी गोळी होतच नाही. कण एकेक करून न्यावे लागतात आणि भिंत ढासळत राहते. माती पाण्याने तुडुंब असेल तर उलटी अडचण. सगळ्या फटी पाण्याने भरतात, हवा खेळत नाही, भिंत पाझरते आणि बंद कोठडीत अंड्यांवर बुरशी चढते. चालते ती मधली अवस्था. म्हणूनच कित्येक जातींची उड्डाणं पावसानंतर एक-दोन दिवसांत, ऊन पडल्यावर होतात. १९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून अलाबामातल्या मोबील बंदरात पोचलेली आगमुंगी, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, याच वेळेला धरून उडते.

पानं कापून नेऊन त्यांवर खाण्यासाठी बुरशी वाढवणाऱ्या पानकाप्या मुंग्यांचा अभ्यास ब्राझीलमध्ये सगळ्यात बारकाईने झाला, कारण तिथे त्या पिकांचा फडशा पाडतात. राणी जुन्या वारुळातला बुरशीचा कण तोंडातल्या छोट्या पिशवीत घेऊन निघते, हे हेर्मान फॉन इहेरिंग यांनी १८९८ मध्ये दाखवलं. आता मातीला दोन जीव सांभाळायचे, राणी आणि तिची बुरशी. ही बुरशी कोरडेपणा अजिबात सहन करत नाही. आट्टा सेक्सडेन्स या पानकाप्या जातीची राणी साधारण १२ ते १५ मिमी रुंदीचा बोगदा २० ते ३० सेंमी खाली नेते आणि तळाशी सुमारे ६ सेंमी लांबीची एकच कोठडी करते. एवढी तयारी करूनही मोजलेल्या ३,५५८ नव्या बिळांपैकी ३ महिन्यांनी ९० च जिवंत होती. हा आकडा वाचल्यावर शिवारात दिसणाऱ्या एकट्या राणीकडे बघण्याची नजर बदलते.

इतकं खोल कशाला? भर उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर तापतो आणि रात्री निवतो. हा चढउतार खाली जाताना झपाट्याने कमी होतो आणि ३० सेंमीवर जवळजवळ विरतो. ओलही तिथे जास्त दिवस टिकते. पण प्रत्येक सेंटिमीटरची किंमत राणी आपल्या चरबीतून मोजते, आणि फार खोल गेलं तर गारव्यात पिल्लांची वाढ मंदावते. आट्टा व्होलेनवायडेरी या दुसऱ्या पानकाप्या जातीच्या राण्यांवर फ्रोह्ले आणि रोसेस यांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण किती खोल आलो हे राणीला कळतं ते बोगद्यात वरखाली चालताना स्वतःच्या शरीराने मोजलेल्या अंतरावरून, आणि खणायला किती वेळ गेला त्यावरून. म्हणजे थांबण्याची वेळ ठरवायला तिच्यापाशी स्वतःच्या अंगचंच माप आहे. त्यामुळे खणायची गती कमी करणारी घट्ट जमीन थेट खोलीवर परिणाम करू शकते.

पाण्याचा हिशेब सर्वात स्पष्ट झाला तो अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. तिथल्या बी गोळा करणाऱ्या मुंग्यांवर रॉबर्ट जॉन्सन यांनी १९९० च्या दशकापासून काम केलं. शेजारी राहणाऱ्या दोन जातींनी जमीन पोतानुसार वाटून घेतलेली त्यांना दिसली : पोगोनोमिर्मेक्स बार्बाटस चिकणमाती जास्त असलेल्या, ओल धरणाऱ्या जमिनीत, पोगोनोमिर्मेक्स रुगोसस जाडसर मातीत. भांडणाने किंवा अन्नाने ही वाटणी होते असा सोपा अंदाज करता आला असता, पण मुळाशी राणीचे पहिले काही आठवडे आहेत. त्यांच्या पुढच्या कामातून एक गोष्ट कळली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुंगीच्या अंगावर मेणासारखा थर असतो आणि तोच आतलं पाणी धरून ठेवतो. खणताना मातीचे कण हा थर खरवडतात, आणि खणून आलेल्या राणीच्या अंगातून पाणी जास्त वेगाने उडतं. मेसॉर पेर्गांडेई या बी गोळा करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या राण्यांमध्ये ही झीज दोन आठवड्यांनंतरही अर्धवटच भरून येते, म्हणून कोठडीतली हवा दमट हवी. जी माती तिला आसरा देते तीच तिला सोलते. म्हणून कोरड्या, खरखरीत जमिनीत नुकसान दोन्ही बाजूंनी होतं : थर खरवडला जातो आणि भोवतालची ओलही लवकर सरते.

दख्खनच्या जमिनीला हेच नियम लावले तर चित्र असं दिसतं. चिकणमातीचा कण ०.००२ मिमीपेक्षा बारीक असतो आणि काळ्या जमिनीत असे कण भरपूर. ओल धरते ती घट्ट, पण भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसाने मध्येच ताण दिला तर भेग कोठडीपर्यंत पोचून ती उघडी पडू शकते. मुरमाड जमिनीत निचरा उत्तम, पण ओल भराभर उतरते आणि खडे वाटेत येतात. बांध, पायवाटेची कड, झाडाच्या बुंध्याजवळची पोयट्याची जागा या तुलनेने सोयीच्या, कारण तिथे पाणी तुंबतही नाही आणि एकदम सुकतही नाही.

सगळ्या राण्या बीळ बुजवून बसत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. हार्पेग्नाथोस सॉल्टेटर या उड्या मारणाऱ्या, पश्चिम घाटातही सापडणाऱ्या मुंगीची राणी शिकारीला बाहेर पडते. तिच्या वाढलेल्या वसाहतीचं घर १९९४ मध्ये नीट वर्णिलं गेलं : कोठडी भोवतालच्या मातीपासून पोकळीने सुटी केलेली, आणि आतल्या भिंतींना रिकाम्या कोशांच्या तुकड्यांचं अस्तर. मुसळधार पावसाच्या मुलखात पाणी बाहेर ठेवण्याची ही तजवीज आहे.

घरी राणी पाळणाऱ्यांनी मातीचं काम परीक्षानळीवर सोपवलं आहे. एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, तोंडाशी हवा जाईल असा दुसरा बोळा, आणि अंधार. माती ओल, अंधार आणि आडोसा देते. नळी तेच देते. आतला बोळा सैल राहिला तर नळी भरून राणी बुडते. उन्हात ठेवली तर बाष्प धरतं आणि अंड्यांवर बुरशी येते. रोज उघडून पाहिलं तर राणी अंडी खाऊन टाकते. कोश विणणाऱ्या बऱ्याच जातींच्या अळ्यांना मात्र धागा अडकवायला मातीचे कण लागतात. तिथे चिमूटभर चाळलेली, भाजून निवलेली, किंचित ओलवलेली माती घालावी.

शिवारात राणीचं बीळ ओळखायचं तर त्याच दिवशी बघावं. तोंडाभोवती एकसारख्या बारीक गोळ्यांची ढिगारी दिसली तर ओल बरोबर होती. नुसता भुगा दिसला तर वरचा थर कोरडा होता. पुढच्या सरीने ती धुऊन जाते, तोंड आधीच आतून बुजवलेलं असतं आणि वरून काही कळत नाही. आगमुंगीसारख्या जातीत आणखी तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी नेहमीपेक्षा लहान, फिकट अशा पहिल्या कामकरी मुंग्या माती फोडून बाहेर येतात.