लॉख लीव्हनचा किल्ला: मेरी राणीला कोंडलं होतं ते बेट

एडिनबराहून उत्तरेकडे जाताना मोटरवेवरून उजवीकडे एक मोठा तलाव दिसतो, लॉख लीव्हन, आणि त्यातल्या बेटावरचा पडका किल्ला बघायला फार कमी लोक थांबतात, मला हे खरंच खटकतं, कारण स्कॉटलंडच्या गादीचा निकाल इथेच लागला.

चौकोनी बुरूज १४व्या शतकातला. स्कॉटलंडची राणी मेरी आधी इथे पाहुणी म्हणून यायची, १५६३ मध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्सला तिने इथेच भेटायला बोलावलं होतं. पुढे फेब्रुवारी १५६७ मध्ये तिचा नवरा डार्नली मारला गेला आणि ज्याच्यावर संशय होता त्याच सरदार बॉथवेलशी तिने तीन महिन्यांत लग्न केलं. सरदार भडकले, जूनमध्ये तिला धरून या बेटावर आणलं. किल्ला विल्यम डग्लसचा, आणि त्याची आई म्हणजे मेरीच्या वडिलांची जुनी प्रेयसी, त्या दोघांचा मुलगा म्हणजे ‘मरे’ नावाचा सरदार. म्हणजे पहारा सावत्र भावाच्या घरच्यांचाच! जुळ्यांचा गर्भपात होऊन राणी अंथरुणावर असताना २४ जुलैला तिच्याकडून राजत्यागावर सह्या घेतल्या, गादी गेली तिच्या एक वर्षाच्या मुलाकडे आणि कारभार या सरदार मरेकडे.

सुटायचा पहिला प्रयत्न फसला, धोबिणीच्या वेषात ती होडीत बसली होती पण नावाड्याने तिचे गोरे नाजूक हात बघितले आणि होडी परत फिरवली. मग २ मे १५६८ च्या संध्याकाळी घरातलाच पोरगा विली डग्लस, त्याने जेवणाच्या टेबलावरून किल्ल्या उचलल्या, राणीला बाहेर काढलं आणि दरवाजाला बाहेरून कुलूप लावलं. पण अकराच दिवसांनी ग्लासगोजवळच्या लँगसाइडला तिची फौज हरली, ती इंग्लंडला पळाली आणि परत कधी आलीच नाही.

आता तलावाकाठच्या किनरॉस गावच्या धक्क्यावरून छोटी बोट जाते, साधारण दहा मिनिटं लागतात. फक्त उन्हाळ्याच्या सीझनमध्ये चालते, जागा मोजक्या असतात, वारा जोरात असला तर फेरी रद्द, त्यामुळे आधी बुकिंग करूनच जा. उतरल्यावर गवत, झाडं, ऐसपैस जागा बघून ही कसली कैद असं वाटेल, पण १८३०च्या दशकात तलावाचं पाणी उतरवलं म्हणून बेट एवढं मोठं झालंय, मेरीच्या वेळी पाणी जवळपास तटाला लागून होतं. बुरुजाचं मूळ दार पण जमिनीपासून बरंच वर आहे, तिथे मान वर करून जरूर बघा, म्हणजे विलीने काय धाडस केलं ते कळतं.