कूलरचं पाणी टँकला चालत नाही

धुळ्यात बसून समुद्राच्या पाण्याचा टँक ठेवायचा म्हणजे हट्टच, तरी ठेवला. १०० लिटरचा, दोन क्लाउनफिश, थोडे खडक, वाळू. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर चहा सांडल्यासारखा तपकिरी थर आला, बोटाने पुसला की धुरासारखा उडायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. आजी म्हणे, "हाई काय शे रे भाऊ, पानी बदल ना!" बदललं. बोअरचंच पाणी, कूलरमध्ये घालतो तेच, मीठ कालवून. थर दुप्पट झाला.

सगळे याला ब्राउन अल्गी म्हणतात, पण खरी ब्राउन अल्गी म्हणजे केल्पसारखं मोठं समुद्री शेवाळ. हे डायटम. एका पेशीचा जीव आणि त्याचं घर सिलिकाचं, म्हणजे जवळपास काचेचंच, डबीला झाकण बसावं तसे दोन भाग. तापीतल्या गोट्यांवरून पाय सटकतो तो तपकिरी बुळबुळीत थर बऱ्याचदा यांचाच असतो. जगातलं साधारण २० टक्के प्रकाशसंश्लेषण एकटे डायटम करतात, त्यामुळे माझ्या टँकमध्ये ते हरतील ही अपेक्षाच चुकीची होती.

घर बांधायला सिलिका लागते आणि ती मीच पुरवत होतो. आपल्याखाली दख्खनचा काळा कातळ, त्यात जवळपास निम्मी सिलिकाच, आणि त्यातून झिरपलेलं बोअरचं पाणी ती विरघळवून आणतं. त्यात आपला मे महिना! टँक तापू नये म्हणून पंखा लावला की रोज दोन लिटर पाणी उडतं, पण उडतं ते फक्त पाणी, बाकी सगळं मागे राहतं, कूलरच्या गवतावर पांढरा थर चढतो ना तसंच. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम सिलिका आहे आणि उडालेल्याच्या जागी रोज दोन लिटर टाकलं तर महिन्यात १८०० मिलिग्रॅम टँकमध्ये गेली. बिचाऱ्या वाळूला लोक उगाच दोष देतात, क्वार्ट्झची वाळू सिलिकाचीच, पण ती फार कमी विरघळते.

मग किचनच्या आरओचं पाणी घेतलं, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो तो) आकडा मस्त कमी, तरी थर आहेच. इथे मी दोन ठिकाणी फसलो. एक तर पुष्कळ घरगुती आरओमध्ये चवीसाठी आरओच्या पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळायची सोय असते. दुसरं म्हणजे टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, आणि विरघळलेल्या सिलिकावर बहुतेक विद्युतभारच नसतो, म्हणून मीटरला ती दिसत नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा कार्ट्रिज, म्हणजे पाण्यात उरलेलं विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची नळी, लावला तेव्हा फरक पडला. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, म्हणून तो वेळेवर बदलायचा.

बाकी सायफनने थर ओढून घ्या, ट्रोकस किंवा सेरिथ गोगलगायी सोडा, औषध ओतू नका. नवीन टँकमध्ये खाऊ संपला की काही आठवड्यांत हे आपोआप ओसरतं.

फक्त थराला शेंबडासारखे दोरे आणि त्यात बुडबुडे दिसले, दिवसा वाढून रात्री गायब व्हायला लागला, तर तो डायटम नसून डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे दुसऱ्याच जातीचा एकपेशी जीव, असू शकतो. तो बऱ्याचदा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यावर माजतो, त्यामुळे तिथे पाणी अजून स्वच्छ करत बसलात तर त्याचं फावतं.

माझ्याकडे आता थर फक्त हीटरच्या मागे उरलाय, गोगलगाय तिथे जात नाही.