१७९६ नमुन्याची घोडदळी तलवार

ब्रिटिश हलक्या घोडदळाची एकधारी, वक्र तलवार. फ्रान्सविरुद्धच्या फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमच्या परिसरातील) मोहिमेत (१७९३–९५) इंग्रज स्वारांच्या तलवारी बोजड ठरल्या. चुकलेला वार कधी स्वतःच्याच घोड्याला लागे. तिथे लढलेला ब्रिटिश घोडदळ अधिकारी जॉन गॅस्पर्ड ल मार्शां याने बर्मिंगहॅमचा शस्त्रकार हेन्री ऑसबॉर्न याच्याबरोबर हा नमुना ठरवला आणि तलवार चालवण्याचे नियमही लिहून दिले. प्रशियाने १८११ मध्ये जवळपास हीच तलवार उचलली. ब्रिटनमध्ये १८२१ मध्ये नवा नमुना आला.

पाते सुमारे ८३ सेंमी. लांब, दोन्ही अंगांना एकेक रुंद पन्हळ. टोकाकडे ते निमुळते न होता उलट रुंदावते, त्यामुळे वजन पुढे जाते आणि वार खोल बसतो. भोसकण्याच्या कामी मात्र ही तलवार जेमतेमच. मूठ लोखंडी, रिकिबीच्या आकाराची एकच परज (बोटे वाचवणारी पट्टी) असलेली. मुठीच्या पाठपट्टीला दोन ‘कान’ असतात. त्यांतून आणि पात्याच्या मुठीतल्या भागातून एक रिव्हेट आरपार जाते, म्हणून हाणामारीतही मूठ खिळखिळी होत नाही.

अधिकारी तलवार पदरमोड करून घेत, त्यामुळे त्यांच्या तलवारींत एकसारखेपणा नाही. पाते बहुधा हलके, मुठीवर तारेचे वेढे, आणि पात्याच्या वरच्या भागावर निळा मुलामा व सोनेरी नक्षी. बरीच पाती जर्मनीतल्या झोलिंगेनहून येत. पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेसमोरच्या बोथट कडेवर, रुंकेल या आयातदाराचे नाव कोरलेले आढळते.

तिचा खरा शत्रू तिचे लोखंडी म्यान. काढता-घालताना धार लोखंडावर घासते आणि बोथट होते. ब्रिटिश घोडदळ अधिकारी कॅप्टन नोलान याने १८५३ मध्ये निजामाच्या स्वारांचे उदाहरण दिले: इंग्रजांनी टाकून दिलेली हीच जुनी पाती त्यांनी देशी मुठींत बसवली, लाकडी म्यानात ठेवली, लढाईखेरीज बाहेर काढली नाहीत. धार वस्तऱ्यासारखी राहिली. दोष पोलादाचा नव्हताच.

अस्सल तलवार ओळखताना आधी पाठीची जाडी पाहावी. मुठीपाशी ती साधारण ८–९ मिमी. असते आणि टोकाजवळ २ मिमी.च्या आसपास उतरते. नव्या नकलांचे पाते बहुधा शेवटपर्यंत एकाच जाडीचे, म्हणून हातात जड लागते. निळ्या मुलाम्याच्या पात्याला पॉलिश कधीही लावू नये. तो थर अगदी पातळ असतो, निघाला की निघाला. तांबडा गंज हलक्या तेलात भिजवून मऊ कापडाने टिपून काढावा, जुना काळपट थर तसाच राहू द्यावा. तलवार म्यानात घालून वर्षानुवर्षे ठेवू नये, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत: आत साठलेला ओलावा पात्याला खड्डे पाडतो, आणि ते घासून जात नाहीत.