वजन घटवणाऱ्या बायपासनंतर गोळ्यांचं काय होतं?

खाल्लेलं सगळं अंगी लागू नये, हाच लठ्ठपणावरच्या पहिल्या शस्त्रक्रियांमागचा विचार. 1954 साली अमेरिकेत मिनेसोटातल्या सर्जन मंडळींनी लहान आतड्याचा मोठा भाग वाटेतून बाजूला काढला. वजन उतरलं, पण जुलाब, मुतखडे आणि यकृत निकामी होण्याचे प्रकारही मागे लागले, आणि 1980 च्या आसपास ही पद्धत मागे पडली. औषधांच्या बाबतीत पहिले इशारे इथूनच मिळाले. असं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या रक्तात गर्भनिरोधक गोळ्यांतले हार्मोन कमी भरतात, असं 1987 च्या एका अभ्यासात दिसलं.

दरम्यान, 1966 मध्ये अमेरिकेतल्याच आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडणं, सुरू केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज रूढ असलेल्या बायपासमध्ये जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी उरते. गोळी आम्लात फारशी भिजत नाही, ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, चुकवून थेट पुढच्या आतड्यात उतरते आणि पित्ताशी तिची गाठ बऱ्याच अंतरावर पडते. हळूहळू विरघळणाऱ्या एसआर, एक्सआर गोळ्या डॉक्टर शक्यतो टाळतात त्या म्हणूनच.

मग सगळीच औषधं कमी शोषली जात असणार, असं कुणालाही वाटेल. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने तो समज मोडला. 2011 मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बायपास झालेल्या 16 जणांची तुलना ऑपरेशन न झालेल्या 16 जणांशी केली. मेटफॉर्मिनची जैवउपलब्धता, म्हणजे गोळीतलं किती औषध रक्तात पोहोचतं ते प्रमाण, बायपासवाल्यांत 41.8 टक्के, तर इतरांत 27.8 टक्के निघाली! उरलेलं आतडं बदललेल्या कामाशी जुळवून घेतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. उलट नैराश्यावरच्या सर्ट्रालिनचं रक्तातलं एकूण प्रमाण पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात निम्म्याहून कमी आढळलं. त्यात बायपास झालेले रुग्ण पाचच होते, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करतात त्या ऑपरेशनमध्ये, आतड्याची वाट तीच राहते, त्यामुळे तिथे उलथापालथ कमी. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं टाळायला सांगतात ते मात्र शोषणामुळे नव्हे, तर पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो म्हणून. थायरॉइडच्या गोळीचं गणित दुहेरी आहे. शोषण घटलं तर डोस वाढवायचा, वजन उतरलं तर कमी करायचा. बऱ्याच जणांचा डोस शेवटी कमीच होतो, पण तोवर रक्तातलं टीएसएच, म्हणजे डोस बरोबर आहे का ते सांगणारं हार्मोन, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.