नव्याचे नऊ सामने

२२ डिसेंबर २०१८. शनिवार, भारतात रात्रीचे अकरा वाजून गेलेले. वेल्समधल्या कार्डिफ शहरात फुटबॉलचा सामना सुरू होऊन तीन मिनिटंही झाली नव्हती, तोच मार्कस रॅशफर्डने लांबून मारलेली फ्री किक थेट जाळ्यात गेली. स्टेडियमच्या एका कोपऱ्यात बसलेले मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचे समर्थक एकमेकांच्या अंगावर कोसळले. एका गोलसाठी एवढं? पण तो गोल नुसता गोल नव्हता. चारच दिवसांपूर्वी, १८ डिसेंबरला, क्लबने जोझे मोरिन्यो या मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, घरी पाठवलं होतं. त्याच्या जागी हंगाम संपेपर्यंत हंगामी म्हणून आला होता ओले गुन्नार सोल्शायर. १९९९च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी गोल करून ज्याने युनायटेडला कप मिळवून दिला, तोच हा नॉर्वेचा माणूस.

सामना ५-१ असा संपला. मे २०१३मध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या जुन्या मॅनेजरांच्या शेवटच्या सामन्यात युनायटेडने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाच गोल केले होते, त्यानंतर थेट आता. तोच संघ, तेच खेळाडू, आठवड्यापूर्वी लिव्हरपूलकडून ३-१ने हरलेले. बदलला होता फक्त मॅनेजर. मग समर्थकांनी काढला तो निष्कर्ष कुणीही काढला असता: माणूस बदलला, संघ बदलला.

इथेच संख्याशास्त्र हळूच खाकरतं.

लहानपणी लुडो खेळताना सहा पडतच नसला की आपण काय करायचो? 'दे, माझ्यासाठी तू टाक' म्हणून फासा भावंडाच्या हातात द्यायचो. बऱ्याचदा पुढचं दान आधीपेक्षा बरं पडायचं आणि त्या भावंडाचा हात 'लकी' ठरायचा. पण हात आपण बदलायचो तो एक, एक, दोन अशी दानं पडल्यावरच. त्यानंतर फासा कुणीही टाकला असता, अगदी आपण स्वतः टाकला असता, तरी आधीपेक्षा वाईट दान पडायला जागाच फारशी उरलेली नसते. फाशाची सरासरी साडेतीन. तळ गाठल्यावर तो तिकडेच सरकणार.

याला म्हणतात सरासरीकडे परतणं. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना हे मांडलं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सहसा त्यांच्याइतकी नाहीत. जिथे थोडं कसब आणि थोडं नशीब मिसळलेलं असतं, तिथे टोकाच्या कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा मधल्या बाजूला येते. नोबेल मिळवलेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी याचा एक मासलेवाईक किस्सा सांगितला आहे. इस्रायली हवाई दलातले प्रशिक्षक त्यांना म्हणाले, शाबासकी दिली की पुढच्या वेळी शिकाऊ वैमानिक बिघडतो, खडसावलं की सुधारतो. निरीक्षण खरं होतं, कारण खोटं. शाबासकी मिळायची ती अपवादाने चांगल्या उड्डाणानंतर, ओरडा बसायचा तो अपवादाने वाईट उड्डाणानंतर. प्रशिक्षक गप्प बसला असता तरी पुढचं उड्डाण मधलंच झालं असतं.

मॅनेजरची हकालपट्टी म्हणजे याच खडसावण्याचा सर्वांत महागडा प्रकार. लागोपाठ जिंकणाऱ्याला कुणी काढत नाही. काढतात ते संघ गाळात गेल्यावर, म्हणजे नेमकं जिथून वर येण्याचीच शक्यता जास्त असते तिथे. कावळा बसतो आणि फांदी मोडते; फरक एवढाच, की इथे फांदी मोडकळीला आली आहे हे पाहूनच कावळ्याला करोडो मोजून बसवलं जातं.

हे नुसतं घरात बसून केलेलं गणित नाही. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ असे अठरा हंगाम तपासले. मॅनेजर काढल्यावर संघ सावरतात का? सावरतात. पण त्यांनी पुढचा, खरा प्रश्न विचारला: तितकीच घसरण झालेल्या, पण मॅनेजर न काढलेल्या संघांचं काय झालं? तेही सावरले, आणि साधारण तितकेच. औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्यात, तसलाच प्रकार.

फुटबॉलमध्ये हा चकवा जास्त जमतो, कारण खेळात गोलच मुळात कमी. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी अडीच-पावणेतीन. क्रिकेटमध्ये एक चेंडू खाली राहिला तरी पुढे शे-दोनशे चेंडू हिशेब जुळवायला असतात. इथे एक चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून वळला, की सामना गेला. कार्डिफमधलेच पाच गोल पाहा. पहिला थेट फ्री किकवर, आणि अशा किकवर शंभरात पाच-सहाच गोल होतात. दुसरा अँडर एरेराचा लांबून मारलेला फटका, बचावपटूला लागून दिशा बदललेला. चौथा पेनल्टीवर. अँथनी मार्सियालचा तिसरा गोल मात्र खरोखर देखणा, एकमेकांना पास देत देत रचलेला, आणि मला विचाराल तर बदल पाहायचा असेल तर तो त्या एका गोलमध्ये दिसत होता. शिवाय समोर कोण होतं? कार्डिफ. पुढचा सामना हडर्सफील्डशी. त्या हंगामाअखेर हे दोन्ही संघ खालच्या श्रेणीत ढकलले गेले.

मग समर्थक वेडे होते का? मुळीच नाही. त्यांच्या मेंदूने जे करायचं तेच केलं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की फळाचा रस मिळाला म्हणून डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी चेतत नाहीत. त्या चेततात अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर. रस येणार हे माकडाला ठाऊक झालं, की तोच रस मिळूनही पेशी थंड. आणि यायचा तो आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावते. फर्ग्युसन यांच्या काळात तळाच्या संघावर ५-१ने विजय म्हणजे एक बरा शनिवार. मोरिन्योच्या १७ लीग सामन्यांत युनायटेडने २९ गोल केले आणि २९ खाल्ले होते. इतक्या उतरलेल्या अपेक्षेवर पाच गोल पडले. आनंद गोलांचा होताच, पण त्याहून जास्त अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या अंतराचा होता.

आणखी एक गंमत भाषेची. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापला. विद्यापीठाचा संघ (खेळ अमेरिकी फुटबॉल, पण माणसं तीच) जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे, आणि फोनवर विचारलं तर विद्यार्थी सांगायचे 'आपण जिंकलो'. हरल्यावर मात्र 'ते हरले'. कोल्हापुरात यासाठी प्रयोग करायची गरजच पडली नसती. पेठेची टीम जिंकली की 'आपण मारली', हरली की 'पोरं खेळलीच नाहीत'. नवा मॅनेजर आला, की समर्थकाला 'ते' पुसून पुन्हा 'आपण' म्हणायची सोय होते. जुन्या पराभवांचं ओझं जुना माणूस सोबत घेऊन गेलेला असतो.

नव्या माणसाने काहीच फरक पडत नाही, असंही नाही. लिव्हरपूलविरुद्ध पॉल पोग्बा पूर्ण सामना बाकावर बसून होता. कार्डिफमध्ये तो सुरुवातीपासून मैदानात. खेळाडू मोकळे होतात, ज्यांची जागा पक्की होती ते सावध होतात, ज्यांची गेली होती ते झटून खेळतात. मोरिन्योच्या हाताखाली त्या हंगामात लीगमध्ये दर सामन्याला सरासरी दीड गुण मिळत होते, सोल्शायरच्या हाताखाली ते एक पूर्णांक नऊवर गेले. यातलं किती त्याचं आणि किती सरासरीचं, हे एका सामन्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. पण माणसं सांगतात, आणि त्या शनिवारी रात्री मीही सांगत होतो.

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. सोल्शायर पहिले आठही सामने जिंकला. नवव्यात बर्नलीविरुद्ध ८७व्या मिनिटापर्यंत संघ घरच्या मैदानावर दोन गोलांनी मागे होता, कसाबसा २-२ झाला. तरी गाडी पुढे चालली. मार्चच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये तिथल्याच पीएसजी या क्लबला ३-१ने हरवलं, तेव्हा माजी खेळाडूही त्याला कायम करा म्हणू लागले. २८ मार्च २०१९ला क्लबने त्याला कायम केलं. तोवर १९पैकी १४ सामने जिंकलेले. त्यानंतर हंगाम संपेपर्यंतच्या दहांपैकी फक्त दोन. म्हणजे काढणं तळाला आणि कायम करणं शिखरापाशी. लुडोत सलग तीन सहा पडल्यावर फासा विकत घेण्यासारखं.

१२ मे २०१९ला हंगामाचा शेवटचा सामना ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडच्या घरच्या मैदानावर झाला. समोर पुन्हा कार्डिफ, खाली जाणं आधीच नक्की झालेलं. युनायटेड ०-२ने हरलं. तक्त्यात नंबर सहावा. मोरिन्योला काढलं, त्या दिवशीही तो सहावाच होता.